वारुळाचा दोष नाही : देवळाच्या लाकडाला लागणाऱ्या सुक्या वाळवीचा इतिहास

श्री देवी सातेरीच्या कृपाशीर्वादाने आणि गावकरी, मानकरी, मुंबईकर चाकरमानी व माहेरवाशिणी यांच्या सढळ हातांनी आपल्या ग्रामदेवतेच्या देवळाचा जीर्णोद्धार तडीस गेला. देवस्थानाची परंपरा, मानपान, उत्सव आणि देणगीदारांची नामावली या स्मरणिकेत अन्यत्र येईलच. प्रस्तुत लेखात एका लहानशा, पण फार महागात पडणाऱ्या शत्रूचा इतिहास सांगण्याचे योजिले आहे. तो शत्रू म्हणजे लाकूड पोखरणारी वाळवी.

हा विषय निवडण्याचे कारण आहे. जुना लाकडी सभामंडप उतरवू लागले तेव्हा अनेक वडीलधारी मंडळी हळहळली. "खांब तर चांगले धडधाकट दिसत होते, मग उतरवायचे कशाला?" असे पुष्कळांनी विचारले. दुसरी कुजबुजही कानांवर आली. गाभाऱ्यात साक्षात वारूळ आहे, तेव्हा वाळवी तिथूनच वर चढली असणार, निदान वारुळाच्या भोवताली तरी औषध ओतून घ्यावे, असे काहींचे म्हणणे पडले. देवीच्या वारुळाला औषध हे शब्द ऐकूनच अनेकांच्या जिवाचे पाणी झाले. दोन्ही गोष्टी आस्थेपोटी बोलल्या गेल्या आणि ज्यांनी घामाचा पैसा दिला त्यांना उत्तर मिळालेच पाहिजे. थोडक्यात उत्तर असे, की वरच्या तुळया आणि वासे पोखरणारी वाळवी वारुळातली नव्हे. ती निराळी जात आहे, तिची राहणी निराळी आहे आणि तिचा इतिहासही निराळा आहे.

वारुळातली वाळवी

तळकोकणात आणि गोव्यात सातेरी, सांतेर या नावांनी भूमीचीच पूजा होते आणि तिचे रूप म्हणजे वारूळ, आपल्याकडची रोयण. हे वारूळ मुंग्यांचे किंवा सापाचे नव्हे, ते मुळात वाळवीने बांधलेले असते. साप तिथे मागाहून आसऱ्याला येतो. वाळवीला पुष्कळ जण पांढरी मुंगी म्हणतात, पण मुंगीशी तिचे नाते नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने तर ती झुरळाच्याच कुळातली असल्याचे पक्के झाले.

वारूळ बांधणारी वाळवी मातीशी नाळ जोडून जगते. तिला ओलावा लागतो. आपल्या पूर्वजांनी ही गोष्ट फार पूर्वी हेरली होती. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूगर्भातील पाणी शोधण्यावर एक स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात झाडाजवळचे वारूळ ही पाण्याची एक खूण म्हणून सांगितली आहे. ही वाळवी पालापाचोळा, सुकलेल्या काटक्या, गवत आत नेते आणि त्यावर बुरशीची शेती करते. पावसाळ्याच्या सुरुवातीला वारुळावर उगवणारी अळंबी आपण आवडीने खातो, ती याच शेतीचे पीक होय. जमिनीत ओलावा मुरवणे आणि कुजका पाला पुन्हा मातीत मिसळणे हे तिचे काम शेतकऱ्याच्या उपयोगाचेच आहे.

ही वाळवी घराला लागत नाही असे मात्र नाही. जमिनीला टेकलेला खांब, भिंतीला लागून रचलेली लाकडे, ओली चौकट ती सोडत नाही. परंतु तिला पूर्ण लपून येणे सहसा जमत नाही. उघड्यावर तिचे अंग सुकते, म्हणून चिऱ्याच्या जोत्यावरून, भिंतीवरून मातीची नळी बांधीत तिला वर यावे लागते. ती मातीची रेघ कोणालाही दिसते आणि झाडूने पुसताही येते. आपल्या जुन्या सुतारमेस्तांनी खांब दगडी तळखड्यावर उभे केले ते याच वाळवीला अडवण्यासाठी. मातीत न पुरलेला खांब तिच्या तावडीत सहसा सापडत नाही.

सुकी वाळवी

आता दुसरी जात पाहू. तिला सुक्या लाकडातील वाळवी किंवा नुसती सुकी वाळवी म्हणू. तिला माती नको, वारूळ नको आणि पाण्याचा थेंबही नको. ज्या लाकडात ती राहते, तेच तिचे घर आणि तेच तिचे अन्न. लाकडात जो अल्प ओलसरपणा असतो तेवढ्यावर तिचे भागते. स्वतःच्या विष्ठेतील पाणीसुद्धा ती पोटातच शोषून घेते आणि कोरडे दाणे तेवढे बाहेर टाकते. समुद्रकाठची दमट हवा तिला विशेष मानवते, म्हणून आपल्या देशात तिचा उपद्रव मुख्यतः किनारपट्टीला आढळतो.

तिचा शिरकाव फार शांतपणे होतो. ठरावीक दिवसांत पंख फुटलेले नर-मादी घराबाहेर पडतात आणि अनेकदा दिव्याभोवती दिसतात. थोडेसे उडून ते पंख गाळतात आणि जोडीने लाकडातली फट, खिळ्याचे भोक किंवा सांध्यातली पोकळी शोधतात. आत शिरल्यावर ते तोंड बुजवून घेतात. हेच पुढे राजा आणि राणी. पहिल्या वर्षी राणी मोजकीच अंडी घालते. वाढ इतकी संथ, की नवे पंखवाले बाहेर पडू लागेपर्यंत सामान्यतः चार-पाच वर्षे लोटतात. पूर्ण वाढलेल्या वसाहतीतही काही शे ते काही हजार किडे असतात. वारुळातल्या लाखोंच्या मानाने ही संख्या किरकोळच. पण एकाच तुळईत अशा अनेक वसाहती नांदू शकतात आणि त्यांना घाई कसलीच नसते.

या वाळवीत खऱ्या अर्थाने कामकरी वर्ग नसतो, वाढीला लागलेली पिल्लेच सगळी कामे करतात. शिपाई मात्र असतात. क्रिप्टोटर्मीस या गटातील शिपायाचे डोके काळे, खडबडीत आणि बुचासारखे असते. शत्रू मुंगी आली की तो ते डोके बोगद्याच्या तोंडात बसवून वाट बंद करतो. किल्ल्याचा दिंडी दरवाजा बंद व्हावा तसाच हा प्रकार.

ही वाळवी लाकूड आडवे-उभे कसेही कोरीत जाते. आत स्वच्छ, जणू पॉलिश कागदाने घासलेली दालने तयार होतात आणि ती अरुंद वाटांनी एकमेकांना जोडलेली असतात. वरचा पापुद्रा मात्र ती शाबूत ठेवते, कारण तोच तिचा आडोसा. म्हणून रंग दिलेला खांब बाहेरून नवाकोरा दिसतो आणि आतून पोकळ असतो. "बडा घर पोकळ वासा" ही आपली म्हण माणसांविषयी असली तरी या किड्याला ती अक्षरशः लागू पडते. आपल्या सभामंडपाच्या तुळया चिरल्या तेव्हा जो दाणेदार भुसा भसाभस खाली आला तो अनेकांनी डोळ्यांनी पाहिला आहे. मातीचा कणही त्यात नव्हता. तुळया देवीच्या वारुळातून पोखरल्या असत्या तर त्यांच्या पोटात माती सापडली असती. वारुळाचा दोष नाही याचा याहून सरळ पुरावा नाही.

माणसाला ती कशी उमगली

वाळवीच्या शास्त्रीय अभ्यासाच्या आरंभाशी दक्षिणेतल्या मराठी राज्याचा संबंध यावा हा एक योगायोगच. लिनियस या प्रख्यात निसर्गशास्त्रज्ञाचा शिष्य योहान गेरहार्ड कोनिग हा १७६८ साली तरंगमबाडी येथील डॅनिश वसाहतीत वैद्य म्हणून आला. जवळच्या तंजावरात तेव्हा भोसले घराण्याचे राज्य होते. त्या मुलखातील वाळव्यांचे निरीक्षण करून कोनिगने १७७९ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. पाठोपाठ १७८१ साली हेन्री स्मीथमन याने आफ्रिकेतील वारुळांचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. उंचच उंच वारुळांची ती वर्णने वाचून युरोपातले विद्वान थक्क झाले. सगळ्यांचे लक्ष साहजिकच वारुळाकडे गेले. लाकडात दडून राहणारी सुकी वाळवी उपेक्षितच राहिली.

तिच्यातील जगभर सर्वांत उपद्रवी ठरलेल्या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन फ्रान्सिस वॉकर याने १८५३ साली केले. नमुना वेस्ट इंडीजमधील जमैका बेटावरचा होता. तिला पुढे क्रिप्टोटर्मीस ब्रेव्हिस हे नाव मिळाले. गंमत अशी, की ही वाळवी घरांत, जहाजांत, कपाटांत सर्वत्र सापडे, पण तिचे मूळ रान कोणाला सापडेना. हा शोध लागला तो २००९ साली. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, पेरू आणि चिली देशांच्या वैराण वाळवंटी पट्ट्यात, जिथे वर्षानुवर्षे पाऊस पडत नाही, तिथल्या सुकलेल्या लाकडात ती निसर्गतः राहते असे दिसून आले. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात ते मुलूख जिंकले आणि त्यांच्या जहाजांतून, पेट्या-संदुकांतून ती जगाच्या सफरीला निघाली असा अभ्यासकांचा तर्क आहे.

आशियाकडची गोष्ट याच्या नेमकी उलटी. क्रिप्टोटर्मीस डडलेयी ही जात मूळची आशियाच्या आग्नेय भागातली, पण तिचे पहिले वर्णन १९१८ साली झाले ते अमेरिकेतील पनामाच्या नमुन्यावरून. म्हणजे जहाजातून ती आधीच समुद्र ओलांडून गेली होती. आपल्या देशातील वाळव्यांचा पद्धतशीर अभ्यास भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेत झाला. एम. एल. रूनवाल आणि ओ. बी. छोटाणी यांनी सिद्ध केलेला भारतीय वाळव्यांवरील ग्रंथाचा पहिला खंड १९८९ साली प्रसिद्ध झाला.

या साऱ्या इतिहासाचे सार एका वाक्यात सांगता येते. सुकी वाळवी स्वतः फार दूर उडत नाही, तिला माणूसच उचलून नेतो. लाकूड जिथे जाते तिथे ती जाते.

एका दूरच्या शहराची कथा

याचे बोलके उदाहरण म्हणून आंग्रा दो हिरोइझ्मो या शहराची हकीकत सांगतो. अटलांटिक महासागरात पोर्तुगालच्या मालकीची अझोर्स बेटे आहेत. त्यांपैकी तेरसेरा बेटावर हे बंदर आहे. गोव्याच्या इतिहासाशी त्याचा जुना संबंध. हिंदुस्थानातून परतणारी पोर्तुगीज गलबते शेवटच्या टप्प्यावर तिथे विसावा घेत. वास्को द गामा पहिल्या सफरीवरून परतताना त्याचा आजारी भाऊ पावलो १४९९ साली तिथेच वारला आणि तिथेच त्याचे दफन झाले.

१ जानेवारी १९८० रोजी मोठा भूकंप होऊन हे शहर उद्ध्वस्त झाले. लोकांनी ते चिकाटीने पुन्हा उभे केले आणि १९८३ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. असे हे भूकंपातून सावरलेले शहर. पण २००० साली तिथल्या घरांत सुकी वाळवी असल्याचे उघडकीस आले. ती तीच, वॉकरने वर्णन केलेली, अमेरिकेकडची. लक्षात येईपर्यंत ती शहरात चांगलीच पसरली होती. घरांची छपरे, लाकडी जमिनी, जुने सामान यांत तिने ठाण मांडले होते. पुढे ती त्या द्वीपसमूहातील इतर बेटांवरही आढळली आणि २०१० साली तिच्याविरुद्ध तिथे खास कायदा करावा लागला.

भूकंप एका क्षणात येतो आणि सगळ्यांना कळतो. वाळवी वर्षानुवर्षे राहते आणि कोणालाच कळत नाही. शहर पुन्हा बांधणाऱ्यांच्या श्रद्धेत वा मेहनतीत काही उणे नव्हते. उणीव राहिली ती नंतरच्या पहाऱ्यात. आज जीर्णोद्धार पुरा करून आपण जे उभे आहोत, त्या आपल्याला यातून घेण्यासारखे बरेच आहे.

लाकूड राखण्याचे प्रयत्न

माणूस काही हातावर हात ठेवून बसला नव्हता. पहिला उपाय म्हणजे लाकडाची निवड. सागाच्या गाभ्यात वाळवीला न मानवणारी द्रव्ये निसर्गतःच असतात. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली सागवानी लाकडातून बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे जहाज १८१७ साली पाण्यात उतरले. ते इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे अजून तरंगते आहे. मात्र गाभा आणि गाभ्याभोवतीचे पांढरट लाकूड यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सागाचेही पांढरे लाकूड कीड खाते. अलीकडे कोवळ्या झाडांचे लाकूड बाजारात फार येते आणि त्यात गाभा थोडा, पांढरे अधिक. "साग वापरला" एवढे म्हणून निश्चिंत होता येत नाही ते यामुळेच.

दुसरा उपाय लेपाचा. आपल्याकडे वाशांना आणि होड्यांना काजूच्या टरफलांचे तेल चोपडण्याची रीत होती. चुलीच्या धुराने माळ्यावरचे वासे काळे कुळकुळीत होत, त्याचाही थोडाफार आधार होता. चुली गेल्या, गॅस आला, हे सोयीचेच झाले, पण वासे उघडे पडले.

तिसरा उपाय रसायनांचा आणि यात एका भारतीयाचे नाव आदराने घ्यावे लागते. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत काम करणारे सोंती कामेशन यांनी १९३३ साली तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचे एक मिश्रण शोधून काढले. दाबाखाली लाकडात मुरवल्यावर ते धुऊन जात नाही आणि वाळवी व बुरशी दोन्हींना रोखते. तारेचे खांब, रेल्वेचे स्लीपर, घरबांधणीचे लाकूड यांसाठी ते जगभर वापरले गेले. आर्सेनिक विषारी असल्याने अमेरिकेत २००३ साल संपताना घरगुती वापराच्या लाकडासाठी ते मागे घेण्यात आले. आल्ड्रिन, क्लोरडेन यांसारखी वाळवीची जालीम औषधेही अशीच आली आणि गेली. जमिनीत, पाण्यात आणि प्राण्यांच्या शरीरात ती साठत राहतात असे दिसल्यावर २००१ सालच्या स्टॉकहोम कराराने त्यांना जगभर वेसण घातली. गावातल्या ज्या विहिरींचे पाणी आपण पितो त्यांच्या काठी असली विषे ओतली जाऊ नयेत हे बरेच झाले.

अमेरिकेत सबंध घरावर तंबू घालून विषारी वायू सोडण्याची पद्धत रूढ झाली. आतली वाळवी मरते, पण वायू निघून गेल्यावर लाकडाला कसलेच संरक्षण उरत नाही. पुढच्या हंगामात नवी जोडी येऊन पुन्हा शिरू शकते. चौथा उपाय उष्णतेचा. परदेशी जाणाऱ्या लाकडी खोक्यांसाठी २००२ साली आंतरराष्ट्रीय नियम झाला. त्यात लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला सलग ३० मिनिटे तापवण्याची रीत घालून दिली आहे. अशा खोक्यांवर गव्हाच्या लोंबीचा शिक्का असतो. लाकडाबरोबर कीड प्रवास करते हे जगाने एवढ्या उशिरा का होईना, कायद्याने मान्य केले.

आपल्या देवळापुरते

इतिहास सांगितला तो कामास यावा म्हणून. तेव्हा चार गोष्टी सर्वांनी ध्यानात धराव्यात अशी विनंती आहे.

पहिली गोष्ट ओळखीची. लाकडाखाली पीठ पडलेले दिसले की आपण सरसकट "भुंगा लागला" म्हणतो. ते बोटांत चोळून पाहावे. मैद्यासारखे मऊ असेल तर तो घुण किंवा भुंगा. खसखशीसारखे कठीण, सुटे दाणे लागले तर ती सुकी वाळवी. भिंगातून पाहिल्यास त्या दाण्यांना सहा बाजू दिसतात. मातीची नळी दिसली तर ती जमिनीतली वाळवी. तिन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत, म्हणून आधी ओळख आणि मग औषध.

दुसरी गोष्ट पहाऱ्याची. दरवर्षी नवरात्रापूर्वीच्या साफसफाईत आणि पुन्हा जत्रेपूर्वी प्रत्येक खांब, तुळई, कोरीव पट्टी हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहावी. पोकळ आवाज कानाला लगेच कळतो. तुळईखाली रात्रभर पांढरा कागद पसरून ठेवल्यास दाणे पडले की नाही ते सकाळी दिसते. पालखी, तरंगकाठ्या, अब्दागिरीचे दांडे, मखर, जुनी कपाटे यांनाही हीच तपासणी हवी. दिव्याखाली गळालेले पंख दिसले तर ते झाडून टाकण्याआधी कोणाला तरी दाखवावेत. जे आढळेल ते तारखेसह देवस्थानच्या वहीत लिहून ठेवावे. वाळवी सावकाश चालते, म्हणून वर्षातून दोनदा पाहणाऱ्याला ती वेळीच सापडण्याची शक्यता वाढते.

तिसरी गोष्ट फटींची. रंगाआधी उघड्या लाकडावर टाकणखार आणि बोरिक ॲसिड यांच्या द्रावणाचे हात देणे हा आज सर्वत्र वापरला जाणारा उपाय आहे. मात्र प्रमाण आणि पद्धत जाणकाराकडूनच घ्यावी. खिळ्यांची भोके, सांधे, तडे लांबीने भरावेत. पुढेमागे सजावटीसाठी किंवा विजेच्या तारांसाठी देवळाच्या लाकडात खिळा ठोकाल तर काढल्यावर भोक बुजवा. एक भोक म्हणजे एका जोडीला उघडे दार.

चौथी गोष्ट थोडी नाजूक आहे. जुन्या मंडपाच्या लाकडाचा एखादा तुकडा देवीचा प्रसाद म्हणून घरी न्यावा, मुंबईच्या बिऱ्हाडात देवघराजवळ ठेवावा अशी अनेकांची इच्छा आहे. भावना पवित्र आहे. पण तपासणी न झालेला तुकडा नेणे म्हणजे प्रसादाबरोबर वाळवीही नेणे होय. ती एका घरात थांबणार नाही, शेजारच्यांच्या दारांना आणि पलंगांनाही लागेल. जमैकापासून आंग्रापर्यंतचा सगळा इतिहास अशाच एकेका तुकड्याने घडला आहे. पोखरलेले लाकूड जाळून टाकण्यात अनादर नाही. जे निर्मळ, कोरीव आणि गाभ्याचे असेल तेवढेच तापवून, तपासून जपावे. त्याचप्रमाणे भक्तिभावाने देवळाला जुने लाकडी सामान अर्पण करणाऱ्यांनीही ते आधी दाखवून घ्यावे.

वारुळाला मात्र कोणी हात लावू नये. ते जमिनीचे आहे आणि जमीन देवीची आहे. जमिनीतल्या वाळवीला जोत्यावरची मातीची रेघ पुसून आणि ओल हटवून आवर घालता येतो, पूर्वजांनीही तेच केले. वारुळावर औषध ओतल्याने तुळईतल्या सुक्या वाळवीचा केसही वाकडा झाला नसता.

देऊळ एकदा बांधून होते, पण राखावे लागते रोज. देणगीदारांच्या पैशाने लाकूड आले, सुतारमेस्तांच्या हातांनी ते उभे राहिले. यापुढे त्याची राखण गावाच्या डोळ्यांनी आणि कानांनी व्हायची आहे. पुढच्या पिढीने खांबाला टिचकी मारली, तर आतून भरीव आवाज यावा, एवढीच श्री देवी सातेरीच्या चरणी प्रार्थना.

इति शम्।